पेठेची हरकत

सातारा आणि सांगली ही दोन गावे एकाच पाण्याने एकमेकांना बांधलेली आहेत. महाबळेश्वरच्या माथ्यावर, कासच्या पठारावर आणि कोयनेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस वेण्णा, उरमोडी, कोयना अशा वाटांनी कृष्णेला मिळतो आणि सांगलीच्या घाटाच्या पायऱ्या चढू लागतो. साताऱ्याची जुनी तक्रार अशी की, पाणी उतारावर थांबत नाही. सांगलीची तक्रार अशी की, आलेले पाणी लवकर हटत नाही. एकाच नदीच्या काठची दोन गावे, पण एकाला पाणी मिळवण्याची चिंता आणि दुसऱ्याला ते आवरण्याची.

ह्या दोन गावांतील रहिवासी आपल्या गावात होणाऱ्या बदलांविषयी गेली तीनशे वर्षे जे भांडत आले, त्या भांडणांचा इतिहास मला आज आपणांपुढे मांडायचा आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हा विषय सहसा सापडत नाही. तेथे किल्ले सर होतात, तह होतात, राज्ये खालसा होतात. तळ्यातला गाळ कोणी काढायचा, नळ कोणत्या गल्लीपर्यंत न्यायचा, गावाची हद्द कोठे संपवायची, ह्या गोष्टींना तेथे जागा नसते. परंतु श्रोते हो, तह मोडले, राज्ये गेली, आणि ही भांडणे मात्र आपण राहतो त्या पेठेत अजून चालू आहेत. तेव्हा त्यांचाही इतिहास असला पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रहिवाशाची हरकत म्हणजे त्या जागेविषयीची माहिती असते. ती माहिती त्या जागी राहणाऱ्या माणसापाशीच असते. दप्तरात ती फार उशिरा पोहोचते. म्हणून कोणत्याही गावाविषयी दोन प्रश्न विचारावेत. हरकत घेण्याचा अधिकार कोणाला होता? आणि ती हरकत काम होण्यापूर्वी ऐकली गेली की झाल्यानंतर? सातारा आणि सांगली ह्यांचा इतिहास ह्या दोन प्रश्नांच्या उजेडात पाहू या.

१

साताऱ्याचे शहर त्याच्या किल्ल्याच्या मानाने तरुण आहे. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला आणि १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला त्याच्या हाती पडला, त्या वेळी पायथ्याशी आजचे शहर नव्हते. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूमहाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढे राजधानीचा पसारा गडाखाली उतरला आणि अजिंक्यतारा व यवतेश्वर ह्या दोन डोंगरांच्या मधल्या उतारावर शाहूनगर उभे राहिले. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा वारांच्या पेठा झाल्या. यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, मल्हार पेठ अशा नावांच्याही झाल्या.

मराठी राज्यात पेठ वसवण्याची एक ठरलेली रीत होती. मोकळ्या जागेवर माणसे आपोआप येत नाहीत. वाणी, सराफ, साळी, तांबट, तेली ह्यांना बोलावावे लागे, आणि बोलावताना त्यांना कौल द्यावा लागे. अमुक वर्षे पट्टी माफ, त्यानंतर ती हळूहळू वाढेल, अमुक उपसर्ग लागणार नाही, असे त्यात लिहिलेले असे. बाजाराची व्यवस्था पाहण्यास शेटे व महाजन नेमत. कौल म्हणजे सरकारने दिलेले लेखी वचन. पेठकरी हा बोलावून आणलेला माणूस होता. वचन मोडले तर तो आपले बिऱ्हाड उचलून दुसऱ्या पेठेत जाऊ शके, आणि राज्याला ते परवडत नसे. त्याच्या बोलण्याला वजन होते ते ह्यामुळे.

तंटा पडला की तो सभेपुढे येई. गोत जमे, उभयपक्षांचे म्हणणे ऐकले जाई, जुनी माणसे साक्ष देत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. महजराचे कागद आज पाहिले म्हणजे मोठी मौज वाटते. पाटलाच्या नावापाशी नांगर काढलेला असतो, शेट्याच्या नावापाशी तागडी. लिहिता न येणारा माणूसही आपल्या अवजाराच्या खुणेने हजर राहतो. कोणाच्या देखत काय ठरले हे त्या कागदावरून शंभर वर्षांनीही सांगता येते. गावाची आठवण अशी लेखी उतरत असे.

तथापि ह्या व्यवस्थेला आपण फार गोंजारू नये. महजरावर कोणाच्या खुणा नाहीत हेही पाहिले पाहिजे. बायकांची नावे क्वचितच येतात. आणि एक गोष्ट तर अतिशय बोलकी आहे. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष मोठ्या मोलाची मानली जाई, कारण शीव कोठून जाते हे त्याच्याइतके नीट कोणालाच ठाऊक नसे. मात्र त्याच माणसाला गावाच्या पाणवठ्यावर हक्क नव्हता. त्याची माहिती गावाला हवी होती. त्याची हरकत गावाला नको होती.

२

५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब महाराज वारले आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. दरबार गेला, पेठा राहिल्या. आता पेठेने कोणाकडे जायचे?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर १८५० च्या सव्विसाव्या कायद्यात होते. हिंदुस्थानातील नगरपालिकांच्या इतिहासात हा कायदा मोठा चमत्कारिक आहे. रस्ते, गटारे, तळी, दिवाबत्ती आणि स्वच्छता ह्यांची सोय करण्याची गावातल्या लोकांचीच इच्छा असेल तर सरकारने तेथे हा कायदा लागू करावा, अशी त्याची योजना होती. आधी जाहीर नोटीस लागे, आणि ज्यांना हा कायदा नको असेल त्यांना तसे सांगण्यास वाव असे. परक्या सरकारच्या कायद्यात रहिवाशांच्या मर्जीला एवढी जागा मिळावी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ह्याच काळात, १८५३ साली, साताऱ्याची नगरपालिका स्थापन झाली. राज्य जाऊन पुरती सहा वर्षेही झाली नव्हती.

अर्थात मर्जी विचारली तरी कारभार हाती दिला असे नव्हे. कमिशनर सरकारने नेमायचे, आणि त्यांत सरकारी अधिकारी असायचेच. लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठराव आणि त्यामागून आलेला मुंबई इलाख्याचा १८८४ चा कायदा ह्यांनी किमान निम्मे सभासद निवडून देण्याचा मार्ग मोकळा केला. पण मत कोणाला? ज्याच्या नावावर मालमत्ता किंवा ठराविक कर होता त्याला. भाडेकऱ्याला, मजुराला, बाईला त्यात स्थान नव्हते. म्हणून त्या काळच्या नगरपालिकांतील वाद हे बहुधा घरमालकांचे वाद असत. घरपट्टी बसवावी की जकात घ्यावी, ह्या प्रश्नावर मुंबई इलाख्यातील बहुतेक गावांनी जकातीकडे कौल दिला, ह्याचे कारण उघड आहे. घरपट्टीची पावती घरधन्याच्या हातात पडते आणि तो चिडून सभेला येतो. जकात धान्याच्या आणि तेलाच्या भावात मिसळून जाते. ती देणाऱ्या गरिबाला आपण कर देतो आहोत हे समजतही नाही. ज्याची हरकत सभेत ऐकू येत नाही त्याच्यावर कर बसवणे नेहमीच सोपे असते.

पाण्याच्या बाबतीत सातारकरांनी मात्र मोठी कामे पाहिली. यवतेश्वराच्या डोंगरावरून शहरात पाणी आणण्याची सोय राजेशाहीतच झाली होती, आणि पेठापेठांतून हौद होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासचा तलाव बांधण्यात आला. तेथून सुमारे पंचवीस किलोमीटर डोंगराच्या कडेकडेने, कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराच्या बळावर पाणी शहराकडे आणले गेले. आजही सातारकराला कासच्या पाण्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे.

पण नळ गावात आला म्हणजे पाणी सर्वांना मिळाले असे होत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. शाळा तेव्हा राजवाड्यात भरत असे. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वर्गात बसण्यासाठी त्याला घरून तरट न्यावे लागे. तहान लागली तर शाळेच्या नळाला त्याने हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या शहराने डोंगर कोरून पाणी आणले, त्याच शहरात एका मुलाला नळाची तोटी फिरवता येत नव्हती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा रावबहादूर बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला, आणि महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी त्या तळ्याचे पाणी प्यावयास सत्याग्रह करावा लागला. नगरपालिकेचा ठराव आणि पेठेचा व्यवहार ह्यांत केवढे अंतर असू शकते, हे त्या ओंजळभर पाण्याने दाखवले.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना सावध राहावे. ‘रहिवाशांचे मत’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यांत कोण कोण मोजले आहे, हे आधी विचारावे.

३

आता आपल्या काळात येऊ. साताऱ्यात तळी पुष्कळ: मंगळवार तळे, मोती तळे, रिसालदार तळे, आणि फुटके तळे. ह्या शेवटच्या नावातच कोणा जुन्या पेठकऱ्याची तक्रार कायमची नोंदली गेली आहे असे मला नेहमी वाटते. तळे म्हणजे पेठेचे अंगण. धुणे तेथे, पोहणे तेथे, गौरी-गणपती बोळवणे तेथे. घरात नळ आला आणि तळ्याची गरज सरली. गरज सरल्यावर राखणही सरली. उरला तो वर्षातून एकदाचा उपयोग, गणेशविसर्जनाचा.

मंगळवार तळ्यात विसर्जन करावे की नाही, हा गेल्या दशकातला साताऱ्यातील एक मोठा वाद. त्याच्या दोन्ही बाजू नीट ऐकण्यासारख्या आहेत. मंडळांचे म्हणणे असे की, ही पिढ्यानपिढ्यांची वहिवाट आहे; मिरवणुकीचा मार्ग, आरतीची जागा, सारे त्या तळ्याशी जोडलेले आहे. काठच्या रहिवाशांचे म्हणणे असे की, वहिवाट पडली तेव्हा मूर्ती शाडूच्या होत्या, लहान होत्या आणि थोड्या होत्या. आता प्लास्टर ऑफ पॅरिसच्या उंच मूर्ती येतात, त्यांचे रंग पाण्यात उतरतात. नदी वाहून नेते तसे तळे काही वाहून नेत नाही. उत्सव सगळ्या शहराचा एका रात्रीचा, पण त्यानंतरची दुर्गंधी काठच्या घरांची कित्येक महिन्यांची.

वहिवाट आणि हरकत असा हा सामना होता. मला येथे महजराची आठवण होते. जुन्या सभेतही वहिवाट हा भक्कम पुरावा मानला जाई. पण परिस्थिती बदलली आहे का, हेही विचारले जाई. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाविषयी २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० साली त्या सुधारल्या. गावोगावी कृत्रिम तळी खणण्याचा मार्ग निघाला. आणि लगेच नवा वाद उभा राहिला: कृत्रिम तळे कोणाच्या पेठेत खणायचे? सोय सगळ्यांना हवी, तिचा त्रास मात्र दुसऱ्या पेठेने सोसावा, ही वृत्तीही रहिवाशांच्या हरकतींत असते, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. हरकत माहिती देते. न्याय ती आपोआप देत नाही. त्यासाठी सर्व पेठा एका ठिकाणी बसाव्या लागतात.

४

एका ठिकाणी बसायचे तर आपण एका गावाचे आहोत की नाही हे आधी ठरावे लागते. साताऱ्यात हा प्रश्न फार वर्षे लोंबकळत राहिला. शहर वाढले, घरे अजिंक्यताऱ्याच्या बाजूला आणि उपनगरांत गेली, पण नगरपालिकेची हद्द जेथल्या तेथे राहिली. शाहूपुरी, विलासपूर येथे ग्रामपंचायतीचा कारभार, आणि शाहूनगरसारखा काही भाग असा की, तो ना नगरपालिकेत ना ग्रामपंचायतीत. लोकांनी त्याला नाव दिले ‘त्रिशंकू भाग’. पुराणातला त्रिशंकू स्वर्ग आणि पृथ्वी ह्यांच्या मध्ये अडकला. साताऱ्यातला त्रिशंकू रहिवासी कचरापेटी आणि पथदिवा ह्यांच्या मध्ये अडकला. त्याने तक्रार करायची ती कोणाकडे? नगरसेवक त्याचा नव्हता, सरपंचही त्याचा नव्हता.

सप्टेंबर २०२० मध्ये हद्दवाढीची अधिसूचना निघाली आणि हे भाग शहरात आले. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात हद्दवाढ करण्यापूर्वी प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची तरतूद आहे, आणि अशा वेळी हरकती येतात त्यांची जात सगळ्या महाराष्ट्रात एकच असते. शहरात येणारा माणूस म्हणतो, ‘कर वाढेल तो पहिल्या वर्षापासून, आणि गटार येईल ते कधी?’ शहरातला जुना माणूस म्हणतो, ‘आमच्याच पेठेला पाणी पुरत नाही, त्यात हे वाटेकरी कशाला?’ दोघांचेही बोलणे खोटे नाही. कासच्या तलावाची भिंत उंचावून साठा काही पटींनी वाढवण्याचे काम झाले ते ह्याच गरजेपोटी.

पण हद्दवाढीत एक गोष्ट हळूच हातातून निसटते आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ग्रामपंचायतीच्या गावाला ग्रामसभा असते. तेथे प्रत्येक मतदाराला उभे राहून प्रश्न विचारता येतो. गाव शहरात गेले की ग्रामसभा संपते आणि रहिवाशापाशी उरतो तो पाच वर्षांतून एकदाचा मतदानाचा दिवस. शहरांसाठीही मतदारांची क्षेत्रसभा असावी अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात केली. पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. खेड्यातल्या माणसाला असलेला सभेचा हक्क शहरातल्या माणसाला नसावा, ह्याला प्रगती म्हणावे काय?

५

आता कृष्णेबरोबर खाली सांगलीला जाऊ. सांगलीची गोष्ट १८०१ पासून सुरू होते. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन चुलत्यांपासून विभक्त होऊन मिरजेहून येथे आले, त्यांनी गणेशदुर्ग बांधला, पुढे नदीकाठी गणपतीचे देऊळ उभे केले, आणि लहानशा खेड्याची राजधानी झाली. साताऱ्यात वस्तीला पेठ म्हणतात. सांगलीत ‘भाग’ म्हणतात: गावभाग, खणभाग, पेठभाग, वखारभाग. नावांवरूनच कळते की मूळ गाव कोणते आणि वखारी कोठे होत्या.

जुनी सांगली नदीला चिकटून असली तरी नदीला ओळखून होती. कोणत्या पायरीला पाणी लागले की कोणत्या गल्लीत शिरते, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असे. १९२९ साली आयर्विन पूल खुला झाला, सांगलीवाडीची नाव मागे पडली, आणि पुराची भाषा पायऱ्यांवरून फुटांवर आली. पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तो पूल जुना झाल्यावर शेजारी नवा पूल बांधायचे ठरले, तेव्हा त्याचा रस्ता शहरात कोठे उतरावा ह्यावर बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी हरकत घेतली. अवजड वाहने पेठेतून धावू लागली तर गिऱ्हाईक कोठे थांबणार, हा त्यांचा प्रश्न. पेठ असलेल्या माणसाला हरकत घेता येते, ती वर्तमानपत्रात छापून येते आणि अधिकाऱ्यांना तिचे उत्तर द्यावे लागते.

ज्याला पेठ नाही त्याचे काय? सांगलीच्या इतिहासातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. गिरणी, साखर कारखाना, हळदीचा बाजार, शाळा-महाविद्यालये ह्यांनी माणसे सांगलीला आणली. जुन्या भागांत जागा नव्हती आणि असली तर परवडत नव्हती. तेव्हा शहराभोवतीच्या काळ्या जमिनीचे तुकडे पडू लागले. एकर म्हणजे चाळीस गुंठे; एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेताचा तुकडा करण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी, रीतसर आराखडा मंजूर करून घेण्यास खर्च आणि खेटे. म्हणून मुद्रांकाच्या कागदावर गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार झाले. विकणाऱ्याला रोकड मिळाली, घेणाऱ्याला आयुष्यात प्रथमच स्वतःचे छप्पर मिळाले. ह्यालाच आपण गुंठेवारी म्हणतो. राज्य सरकारने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिली.

कागद नियमित होतो. जमिनीचा उतार नियमित होत नाही. नदी चढली की ओढ्या-नाल्यांतून पाणी उलटे शहरात शिरते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता ह्या वस्त्यांत ते आधी पोहोचते. शामरावनगरसारख्या सखल भागात ते ओसरल्यावरही साचून राहते. येथे कोठे पाणी येते हे गावभागातल्या म्हाताऱ्याला ठाऊक होते. पण बाहेरून आलेल्या मजुराची आणि त्या म्हाताऱ्याची गाठ पडण्यासारखी सभाच नव्हती. विकास योजनेचा आराखडा प्रसिद्ध होतो, १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. परंतु ज्याच्या डोक्यावर तो आराखडा पडायचा आहे, तो माणूस तेव्हा अजून गावात यायचा असतो. त्याच्या वतीने हरकत कोण घेणार?

२००५ साली पूर आला आणि पुलापाशी पन्नास फुटांची खूण मागे पडली. त्या पुरात हरिपूरच्या पेवांचाही घात झाला. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम. तेथील जमिनीत पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. त्या पेवांत पाणी शिरले आणि पिढ्यांची ती साठवण बहुतांशी मोडली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले आणि आठवडाभर शहर पाण्यात राहिले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पन्नास फूट ओलांडले. सोळा वर्षांत तीन वेळा.

प्रत्येक पुरानंतर सांगलीत सभा झाल्या. कोणी कोयनेचा विसर्ग उशिरा झाला म्हणाले, कोणी कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याकडे बोट दाखवले. सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला. त्यात अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे ह्यांवर भर होता आणि अलमट्टीला जबाबदार धरलेले नव्हते. सांगलीतील पुष्कळांना ते मान्य झाले नाही, आणि तो वाद मिटलेला नाही. धरणांचा वाद मोठ्यांचा आहे, तो चालू राहील. मला चिंता आहे ती वस्तीतल्या वादाची. पूरनियंत्रणाच्या शास्त्रात दोन रेषा असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ नये असा नियम आहे. नियम शहाणपणाचा आहे ह्यात शंका नाही. पण एक गुंठ्याचा धनी त्या रेषेला भितो. रेषा घरावरून गेली तर घराची किंमत जाते, कर्ज मिळत नाही, मुलीच्या लग्नाला तो तुकडा विकता येत नाही. रेषा नसली तर घरच जाते. म्हणून त्याची हरकत कधी रेषेविरुद्ध असते, कधी पाण्याविरुद्ध. आणि लोक म्हणतात, ‘ह्यांना नेमके हवे तरी काय?’ त्याला हवे आहे ते साधे आहे. आधी कोणी सांगायला हवे होते. ते राहिले, तर निदान आता उठवण्यापूर्वी दुसरी जागा दाखवायला हवी.

९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड ह्या तीन गावांची मिळून एक महानगरपालिका झाली. तेव्हापासून कर सगळ्यांचा आणि कामे मात्र दुसऱ्या गावात, ही कुरकुर तिन्ही गावांत ऐकू येते. साताऱ्याच्या त्रिशंकूची तक्रार अशी की, मला कोणतेच गाव नाही; येथली तक्रार अशी की, एकात तीन गावे झाली. दोन्हींचा अर्थ एकच: माझे बोलणे ऐकणारी सभा माझ्यापासून दूर गेली.

६

श्रोते हो, तीनशे वर्षांचा हा फेरफटका आता आवरतो. कौलाच्या काळात पेठकऱ्याला विचारले जाई, कारण तो निघून जाण्याची भीती होती. मात्र ‘पेठकरी’ ह्या शब्दात थोडेच लोक मावत. १८५० च्या कायद्याने विचारले, पण ज्यांच्या नावावर काही होते त्यांचेच ऐकले. स्वातंत्र्याने प्रत्येक प्रौढाला मत दिले, १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना आणि मागासलेल्या वर्गांना नगरपालिकेत जागा दिल्या. पहिला प्रश्न, अधिकार कोणाला, त्याचे उत्तर आपण कष्टाने सुधारत आणले. ज्या गावात एका मुलाला नळ सोडता येत नव्हता, त्या गावात आज कोणीही नळाविषयी तक्रार करू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा प्रश्न, हरकत केव्हा ऐकली जाते, तेथे मात्र आपण फारसे पुढे गेलो नाही. आज हरकतीला एक महिन्याची मुदत असते आणि नोटीस अशा भाषेत असते की, ती वाचून उठणाऱ्याला आपल्या घराचा तीत काही संबंध आहे हे समजू नये. मुदत संपते, काम होते, आणि मग हरकत कोर्टात जाते, किंवा पाण्याबरोबर परत येते.

ह्यावर काही मोठा उपाय मला सुचवायचा नाही. प्रत्येक पेठेने, प्रत्येक भागाने वर्षातून दोनदा एकत्र बसावे. घरमालकाबरोबर भाडेकऱ्यानेही, जुन्याबरोबर काल आलेल्यानेही. काय बदलणार आहे ते तेथे वाचून दाखवावे, कोण काय म्हणाले ते एका वहीत लिहून ठेवावे, आणि खाली सर्वांनी सह्या कराव्यात. नवे काम काढताना आधी ती वही उघडावी. कायद्यातली क्षेत्रसभा ह्याहून वेगळे काही मागत नाही, आणि आपल्या जुन्या महजरानेही ह्याहून वेगळे काही केले नव्हते.

पूर ओसरला की भिंतीवर एक मातकट रेघ उरते. दसरा-दिवाळीला घर रंगवतात आणि ती दिसेनाशी होते; घर विकायला काढले तर ती आधीच दिसेनाशी केलेली असते. पुढे तेथे राहायला येणाऱ्या माणसाला त्या रेघेइतकी उपयोगाची गोष्ट त्या घरात दुसरी नसते. तेव्हा रंग देण्यापूर्वी तिची उंची मोजून वहीत लिहून ठेवावी, साल घालावे, आणि शेजाऱ्याची सही घ्यावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.